तुरट सफरचंद आणि आमचे बोंडू

"ते खायचं नाही," असं शेजारचे आजोबा ओरडेपर्यंत माझा चावा घेऊन झाला होता. फळ दिसायला देखणं, मोठ्या लिंबाएवढं, काळपट लाल. आधी आंबट लागलं आणि मग जीभ अशी आखडली की दोन मिनिटं बोलता येईना. आजोबा पोट धरून हसले. नोव्हेंबरच्या चिखलात त्यांना सफरचंदं वेचू लागायला गेलो होतो, त्याचं हे बक्षीस.

हे किंग्स्टन ब्लॅक. टॉन्टनजवळच्या किंग्स्टन सेंट मेरी गावावरून नाव पडलेलं, इंग्लंडमधल्या अस्सल सॉमरसेटचं. हे खाण्याचं नव्हे, सायडरचं सफरचंद, म्हणजे रस आंबवून दारू करायचं. (आईला फोनवर मी सायडर म्हणजे 'सफरचंदाचं सरबत' सांगितलंय. तिला कोणी लिंक पाठवू नका.)

ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टनला 1903 साली सायडरसाठी खास संस्था निघाली. तिथल्या बार्कर नावाच्या संशोधकाने या सफरचंदांचे चार गट पाडले. आम्ल 0.45 टक्क्यांच्या वर आणि तुरटपणा आणणारं टॅनिन 0.2 टक्क्यांच्या वर असेल, तर ते 'बिटरशार्प'. म्हणजे आंबट-तुरट. पण तुरटाला हे लोक 'बिटर' म्हणतात! कडू आणि तुरट यांतला फरक आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. असो.

बहुतेक सायडरला दोन-चार जातींचा रस मिसळावा लागतो. किंग्स्टन ब्लॅकमध्ये गोड, आंबट, तुरट सगळं इतकं जुळून आलेलं असतं की एकट्याचाच सायडर होतो. झाड मात्र महा लहरी. फळ कमी, खपल्या आणि खोडाचा रोग ठरलेला. बी लावून तेच झाड मिळत नाही, कलमच करावं लागतं. हापूसवाल्यांना वेगळं सांगायला नको. तरीही ही माणसं ते दोनशे वर्षं लाडाने सांभाळताहेत.

आणि सरकारही सांभाळतं. छोट्या उत्पादकाला वर्षाला 7,000 लिटर सायडरपर्यंत उत्पादन शुल्क माफ! सात हजार! आमच्याकडे वाडीत नुसता वास आला तरी जीप येते. आंबवणं वेगळं आणि भट्टी लावणं वेगळं, हे मलाही कळतं. पण इथे तो 'वारसा' आणि आमच्याकडे ती 'गावठी', हे काही डोक्यातून जात नाही.

त्या सफरचंदाची चव मला ओळखीची का वाटली, ते पोती बांधताना कळलं. बोंडू! काजूचं फळ. तोच आखडणारा तुरटपणा. आजोबांना काजूचं सांगितलं, की बी फळाच्या खाली बाहेर लोंबते, फळ रसाने टम्म असतं, कपड्याला डाग पडला की जात नाही. त्यांनी डोळे मोठे करून विचारलं, "मग त्या फळांचं तुम्ही काय करता?"

वेंगुर्ल्याला आम्ही बी पिरगळून घ्यायचो आणि बोंडू तिथेच टाकायचो. एप्रिलमध्ये झाडाखाली सडा, माश्या, आंबूस वास. थोडे गुरं खायची.

मी त्यांना फेणी सांगितली, बोंडूच्या रसाची दारू. 2009 साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, हेही सांगितलं. ती गोव्याची, हे तेवढं सांगायचं राहिलं. पण गोवा आमच्यापासून तासाभरावर तर आहे.