आईचे तास कोण मोजतं?

भूतान म्हटलं की ढगांतले मठ आणि हसऱ्या भिक्खूंचे फोटो पुढे येतात. मला मात्र त्या देशाची लोकांचा आनंद मोजणारी प्रश्नावली आवडते.

राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय आनंद महत्त्वाचा, हे भूतानचे तेव्हाचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचं वाक्य. 1979 साली ते आपल्या मुंबईच्या विमानतळावर एका पत्रकाराशी बोलताना म्हणाले, असं सांगतात. त्याची मोजणी बसवायला पुढे तीसेक वर्षं गेली. आता तिथे नऊ क्षेत्रं आणि 33 निर्देशक आहेत. प्रत्येकाला 'पुरेसं'ची एक रेघ आहे. रेघ ओलांडली की झालं. त्यापुढे लाखाचे दहा लाख झाले तरी आकडा हलत नाही.

त्या नवांत एक क्षेत्र आहे वेळेचं. काम किती तास आणि झोप किती तास. आठ तासांहून जास्त काम करणारा माणूस तिथे कमी पडलेला धरतात, आणि कामात घरकाम, मुलांचं बघणं हेही येतं. पगाराचा प्रश्नच नाही.

मी बारावीला अर्थशास्त्र शिकवते. गृहिणीची सेवा राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत, हे मुलं एका मार्कासाठी पाठ करतात. दरवर्षी ते फळ्यावर लिहिताना मला आई आठवते. पहाटे गोठा, मग धारा, डेअरीला दूध, भाकऱ्या, शेतावर भांगलण, रात्री पुन्हा गोठा. डेअरीत गेलेलं दूध देशाच्या हिशेबात आलं. तिच्या भाकऱ्या कधीच आल्या नाहीत, आणि तिची झोप तर कुणी विचारलीच नाही. भूतानच्या कागदावर तिच्यासाठी जागा आहे, हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

आपल्याकडेही वेळवापराची पाहणी होते. 2024 च्या पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा 88. अर्थसंकल्पाच्या तोंडावर विकासदर वाचून दाखवतात, त्याच्या शेजारी हे दोन आकडे वाचायला काय हरकत आहे?

पण भूतानचं कौतुक इथेच थांबवता येत नाही. त्याच राजांच्या कारकिर्दीत, 1988 च्या जनगणनेत, दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांकडे 1958 सालच्या रहिवासाचा पुरावा मागितला गेला. शेतसाऱ्याची पावती नसेल तर तुम्ही परके. पुढच्या काही वर्षांत लाखाच्या आसपास माणसं देशाबाहेर गेली, नेपाळमधल्या झापा आणि मोरंगच्या छावण्यांत राहिली. बहुतेकांना नंतर अमेरिकेने आसरा दिला. भूतानचा आनंद निर्देशांक 2010 मध्ये 0.743 होता, 2022 मध्ये 0.781 झाला. पाहणी देशात राहणाऱ्यांची असते, त्यामुळे या माणसांचं उत्तर त्यात नाही.

वर्गात मी प्रश्नावली आणि जनगणना दोन्ही एकाच तासाला शिकवते. वेगळी शिकवायला मन धजत नाही.