काळी माती आणि बारीक टायर

जानेवारीत 150 किलोमीटर सायकल चालवायची, ओळखीच्यांकडून दर किलोमीटरला 10 रुपये घ्यायचे आणि जमतील ते गावच्या वाचनालयाला द्यायचे, असं चारचौघांत बोलून बसलो. मग सायकल! जीव जडला होता बारीक टायरच्या रोड बाइकवर. पण आमचा पांदण रस्ता आठवला आणि जरा जाड, 35 मिलिमीटर टायरची हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल घेतली. पॅडल खाली गेलं की गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढी सीट उंच केली. मडगार्ड मात्र हौसेनं अगदी चिकटून बसवले. पहिल्याच पावसात काळ्या मातीनं चाक असं जाम केलं, की सायकल खांद्यावर घेऊन घरी आलो. बाबा ओट्यावरून म्हणाले, “काऊन रे, तू सायकलवर होता का सायकल तुह्यावर?”

आता पहाटे पाचला निघतो. सेवाग्रामवरून पवनार, धाम नदीच्या काठी पाणी, परत. रविवारी लांबचा फेरा, दर वेळी दहा किलोमीटर वाढवून. बाभळीचा काटा ठरलेलाच. दोन ट्यूब, पंप आणि गूळ-शेंगदाणे सोबत. काल 90 झाले. शेवटच्या चढावर उतरून ढकलत होतो, तर कापूस वेचायला निघालेल्या बाया हसल्या, “पेट्रोल संपलं का भाऊ?”