पैसे पाठवले की नाव कुणाचं येतं

नैरोबीत कुणालाही पैसे पाठवले की लगेच मेसेज येतो, इतके शिलिंग अमक्या नावाला गेले, तारीख, वेळ, तुमची शिल्लक एवढी. एम-पेसा, केनियातली मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय. यातला पेसा म्हणजे आपला पैसाच बरं का, स्वाहिलीत दुकानाला दुका, गाडीला गारी, लाखाला लाकी म्हणतात, त्यातलाच हा. २००७ पासून हे चालू आहे आणि आता कोथिंबिरीची जुडी (तिला पण दान्याच म्हणतात) घ्यायची तरी लोक फोनच काढतात.

तर आमच्या मटाटूच्या स्टेजवर, मटाटू म्हणजे इथली मिनीबस आणि स्टेज म्हणजे स्टॉप, संध्याकाळी एक शेंगदाणेवाला असतो. बुरुंडीचा आहे. नैरोबीत न्जुगू विकणारी पोरं बरीचशी बुरुंडीचीच, इतकी की लोक बघूनच ओळखतात. याच्याकडे एक बादली, तिच्यात खाली निखाऱ्यांची छोटी शेगडी, वर खारे दाणे, आणि जुन्या पेपरचे बोटाएवढे कोन. मोजायला औषधाच्या बाटलीचं झाकण. भाव २० शिलिंगला एक कोन, आणि रोजचं गिऱ्हाईक असेल तर वरून चार दाणे तळहातावर.

पहिल्यांदा मी त्याला पैसे पाठवले तेव्हा मेसेजमध्ये एका बाईचं नाव आलं, चांगलं ठसठशीत किकुयू, म्हणजे इथल्या एका मोठ्या जमातीचं नाव. मला वाटलं झालं, चुकीच्या नंबरला गेले. त्याला फोन दाखवला तर तो हसला, म्हणाला मामा (इथे बाईमाणसाला मामा म्हणतात), बरोबर आहे, ती माझी घरमालकीण. सिम तिच्या नावावर आहे, रात्री तो घरी गेला की ती एजंटकडून रोकड काढून त्याला देते आणि त्यातूनच भाड्याचे थोडे थोडे कापून घेते. लिहिलेलं काही नाही. मी विचारलं, आणि एक दिवस नाहीच दिले तर? तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच काहीतरी गलिच्छ बोलले.

मला हे इतकं चिकटलं याचं कारण माझी पण तीच गत होती. मी इथे आले ती डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या परमिटला लटकून. त्या पासवर नोकरी करता येत नाही. पहिलं सिम नवऱ्यानेच आणून दिलं, साहजिकच त्याच्या नावावर, आणि मग कोपऱ्यावरची मामा म्बोगा, म्हणजे भाजीवाली, दीड वर्ष मला नवऱ्याच्या नावाने हाक मारत होती कारण तिच्या फोनवर तेच नाव यायचं. सुरुवातीला गंमत वाटली, नंतर वाटेना. अर्थात माझं दुःख ते काय, मला रस्त्यात थांबवून कुणी कागद दाखव म्हणत नाही, चेहरा मुहिंदीचा, म्हणजे हिंदुस्थानी आहे म्हटल्यावर लोक आधी मॅडमच म्हणतात. शेंगदाणेवाल्याला मॅडम-साहेब काही नाही. पण आपलं नाव कुठेच न उमटता एका शहरात राहणं म्हणजे काय ते थोडंसं कळलं एवढंच.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण मध्यंतरी एका मीटिंगला गेले होते. ओळखीच्या बाईंनी नेलं होतं. विषय, वाढत्या आफ्रिकन शहरांत स्थलांतरितांना सामावून कसं घ्यायचं. विषय महत्त्वाचाच आहे, आफ्रिकेतली शहरी लोकसंख्या २०५० पर्यंत दुप्पट होईल असा अंदाज आहे आणि घर सोडणारा बहुतेक आफ्रिकन माणूस कुठे समुद्रापार जात नाही, शेजारच्या देशात नाहीतर आपल्याच देशातल्या मोठ्या शहरात जातो. पण दिवसभर स्लाइडांवर बाण आणि गोल, आणि मी आपली विचार करतेय की त्या घरमालकिणीला कुणी बोलावलंच नाही. खरं तर खातं तीच चालवते.

आणि मुळात सामावून घ्यायचं ते कशात, हा एक प्रश्नच आहे. नैरोबी १८९९ मध्ये रेल्वेचा डेपो म्हणून सुरू झालं, नाव मासाई भाषेतलं, थंड पाण्याची जागा. रूळ टाकायला बत्तीसेक हजार हिंदुस्थानी मजूर आणले होते. म्हणजे इथे आधीपासून सगळेच बाहेरचे. आजही नैरोबीत जन्मलेल्या माणसाला विचारा तू कुठला, तर तो आजोबांचं गाव सांगतो. शेंग नावाच्या इथल्या स्वाहिली-इंग्रजी मिसळीच्या बोलीत गावाला उशागो म्हणतात, डिसेंबरात अर्धं शहर तिकडे जातं. लुओ नावाच्या जमातीचा फरक तर फारच नेमका, ओट म्हणजे राहायची खोली आणि दाला म्हणजे घर, नैरोबीत ओट असतं, दाला नसतं. एस. एम. ओटिएनो नावाचे मोठे लुओ वकील १९८६ च्या डिसेंबरात वारले, बायको म्हणाली नैरोबीजवळच्या आमच्या जागेत पुरणार, भावकी म्हणाली गावीच, आणि हा खटला पाच महिने चालला, शव शवागारात. भावकी जिंकली. आता ज्या शहराने आपल्याच देशातल्या एवढ्या मोठ्या वकिलाला मेल्यावर ठेवून घेतलं नाही तिथे बुरुंडीच्या पोराला कुणी म्हणावं की तू इथला हो, तर तो होणार म्हणजे नक्की काय होणार?

माझं मत विचाराल तर इथला होणं वगैरे राहू दे. भाषा, मैत्री, लग्न, फुटबॉल हे लोक आपापलं जमवतात, कुणाला वर्कशॉप लागत नाही. शहराने फक्त मधे पाय घालू नये आणि कागद द्यावा. एक स्वाहिली म्हण आहे, म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे. पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. म्गेनी म्हणजे पाहुणा पण आणि परका पण, एकच शब्द. लोकांना वाटतं म्हण पाहुण्याला टोमणा आहे, मला उलटं वाटतं, कुदळ देणं म्हणजे आता तू घरातला. पण हल्ली होतं काय की तिसऱ्या दिवशी कुदळही देत नाहीत आणि जा पण म्हणत नाहीत, वीस वीस वर्षं पाहुणाच ठेवतात.

नैरोबीतली ईस्टली वस्ती बघा. लोक इसिली म्हणतात. एकेकाळी तिथे हिंदुस्थानी राहायचे, ते हळूहळू पार्कलँड्सकडे सरकले. १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं आणि लोक आले, सरकारचं म्हणणं त्यांनी निर्वासितांच्या कॅम्पात राहावं, दादाबचा कॅम्प त्याच वर्षीचा. पण दुकानदार माणूस कॅम्पात किती दिवस बसेल! गरिसा लॉज नावाचं साधं लॉज होतं, त्यातल्या खोल्यांमध्ये लोक दिवसा पलंगावर माल मांडून विकायचे आणि रात्री माल बाजूला सारून त्याच पलंगावर झोपायचे. मालकाच्या लक्षात आलं की झोपण्यापेक्षा विकण्याचं भाडं जास्त मिळतंय, लॉजचं मार्केट झालं, मग शेजारच्यांनी तेच केलं, आणि आता तिथे मॉलला मॉल चिकटलेत. पडदे, परफ्यूम, शाळेचे गणवेश, सगळं नैरोबी तिथूनच नेतं, मी पण नेते. माझ्या घरातला प्रत्येक पडदा इसिलीचा आहे आणि घासाघीस करताना तिथल्या बायकांपुढे माझं आजवर काही चाललेलं नाही.

आणि याच वस्तीत एप्रिल २०१४ मध्ये उसालामा वॉच नावाचं पोलिसी ऑपरेशन झालं. आदल्या सप्टेंबरात नैरोबीतल्या वेस्टगेट मॉलवर सोमाली अतिरेक्यांचा हल्ला झाला होता, ६७ माणसं गेली, भीती खरीच होती, ते मी नाकारत नाही. पण हजारो लोकांना घरातून उचललं, कासारानी स्टेडियममध्ये ठेवलं, त्यात केनियाचेच सोमाली नागरिकही होते. तेव्हापासूनच नाही, त्याच्या आधीपासून लोक ईस्टलीला पोलिसांचं एटीएम म्हणतात. शहराला पडदे विकणारा माणूस तीस वर्षांनीही खिशात कागद चाचपत चालतो.

हा कागद पण जुना आहे हो. इंग्रजांनी १९२० च्या सुमारास आफ्रिकन पुरुषांना किपांडे सक्तीचा केला, ओळखीचा कागद पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवायचा, म्हणजे मजूर पळाला तर सापडेल. डबी गेली, शब्द राहिला, आयडी कार्डाला अजूनही बरेच जण किपांडेच म्हणतात. तेव्हा तो गळ्यात नको होता आणि आता मिळत नाही म्हणून लोक रडतात.

मकोंडे लोकांची गोष्ट मला सगळ्यात लागते. मोझांबिकमधून हे लोक १९३० च्या दशकापासून किनाऱ्याकडे घायपात आणि उसाच्या मळ्यांवर मजुरीला आले. राहिले. नातवंडं झाली, पण आयडी नाही, त्यामुळे बँक नाही, सिम नाही, मासेमारीचं लायसन्स नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात किनाऱ्यावरच्या क्वालेहून मोर्चा घेऊन थेट नैरोबीला आले, राष्ट्राध्यक्षांनी भेट दिली, माफी मागितली आणि डिसेंबरपर्यंत कार्डं द्या म्हणून सांगितलं. मग ते केनियाची ४३ वी जमात झाले. आणि ४४ वी कोण? २०१७ च्या जुलैत इथले एशियन, म्हणजे त्या रेल्वेच्या आणि दुकानांच्या माणसांची पतवंडं. आता अधूनमधून जेवणाच्या टेबलावर याच मंडळींकडून ऐकायला मिळतं की हे सोमाली फार वाढलेत, ते काँगोवाले फार झालेत. मी पान वाढून गप्प बसते. पाहुणी आहे ना.

गप्प बसायला मला जमतं, पण हे बोलणं कुठवर जातं तेही दिसतंच. घानाने १९६९ मध्ये कागद नसलेल्या परक्यांना दोन आठवड्यांत निघा म्हणून सांगितलं, त्यात नायजेरियन फार होते. १९८३ च्या जानेवारीत नायजेरियाने तेच केलं, या वेळी घानावाले. पुन्हा दोनच आठवडे. त्या वेळी लोकांनी संसार कोंबला ती चौकड्यांची, चेनवाली, प्लास्टिकच्या कापडाची मोठी पिशवी, तिला तिकडे अजून घाना मस्ट गो म्हणतात, म्हणजे घाना, चालते व्हा. तसलीच एक माझ्या माळ्यावर आहे, रजया ठेवायला. मधे युगांडात १९७२, हुकूमशहा इदी अमीनने एशियनांना ९० दिवस दिले. जोहान्सबर्गचं तर आपल्या डोळ्यांदेखतचं, २००८ च्या मे महिन्यात अलेक्झांड्रा वस्तीत परक्यांवर हल्ले सुरू झाले आणि ६२ माणसं मेली. त्यातली २१ दक्षिण आफ्रिकेचीच नागरिक होती! शेजाऱ्याला परका ठरवायला निघालं की असं होतं, ओळखायचं कशावरून, रंगावरून तर शक्य नाही, मग उच्चारावरून.

बदल होतच नाही असं नाही. त्याच युगांडात आज दीड दोन लाख नाही, पंधरा लाखांच्या वर निर्वासित आहेत, आफ्रिकेत सगळ्यात जास्त, आणि २००६ च्या कायद्याने त्यांना काम करता येतं, फिरता येतं. कंपालात राहिलं तर रेशन नाही, स्वतःचं स्वतः बघा, पण कुदळ तरी हातात देतात. निर्वासितांच्या कागदावर सिम मिळायला तिथेही २०१९ उजाडलं, मात्र मिळालं, आणि सिम म्हणजे मोबाइल मनी, म्हणजे मजुरी स्वतःच्या नावावर. केनियानेही २०२१ मध्ये नवा निर्वासित कायदा केला, २०२५ मध्ये शिरिका नावाची योजना आली, दादाब आणि काकुमाच्या कॅम्पांची वस्ती-शहरं करायची म्हणून. शिरिका म्हणजे साधारण भागीदारी. चांगलं आहे. पण माझा शेंगदाणेवाला यात कुठेच बसत नाही. तो निर्वासित नाही, पोटासाठी आलाय, बुरुंडी २००७ पासून पूर्व आफ्रिकी समुदायात आहे म्हणून सीमा ओलांडणं त्याला सोपं, काम करायचं तर मात्र परमिट लागतं, आणि बादलीभर दाण्यांचं परमिट कुठल्या खिडकीवर मागायचं.

मग तो करतो काय, तर स्टेजवरच्या मटाटूवाल्यांच्या चामात पैसे भरतो, चामा म्हणजे इथली भिशी. कंडक्टर पोरांनी त्याला घेतलं कारण तो रोज तिथेच असतो, पळून जाणार कुठे! मागच्या वर्षी त्याचा नंबर लागला, त्या पैशातून तो बसने गावी गेला, टांझानियातून, कंबर मोडली म्हणाला, आणि पासपोर्ट काढून आणला. परत आल्यावर पासपोर्ट दाखवून स्वतःच्या नावाचं सिम घेतलं. मला म्हणाला मामा, आज पाठवून बघ. मी २० शिलिंग पाठवले. त्याचं नाव आलं, लांबलचक, मला धड वाचताही येईना. त्याने माझा फोन हातात घेतला आणि मेसेज शेजारच्या कंडक्टरला मोठ्याने वाचून दाखवला. त्या दिवशी मला दोन कोन फुकट.

घरमालकीण रागावली का विचारलं. नाही म्हणे, फक्त भाडं आता महिन्याचं एकरकमी मागते.

आणि परवा स्टेजवर एक नवीनच पोरगा दिसला, मिसरूडही फुटलं नव्हतं, उकडलेली अंडी आणि काचुंबारी विकत होता. स्वाहिली अगदी तुटकी, आकडे बोटांवर दाखवायचा. मी दोन अंडी घेतली, त्याने पुठ्ठ्यावर लिहिलेला नंबर दाखवला, पैसे पाठवले, मेसेज आला. नाव शेंगदाणेवाल्याचं.