ग्लेन फेशीतला मुक्काम: भाच्याबरोबरच्या सायकलवारीची आखणी

मे महिन्यात माझा भाचा अंबाजोगाईहून ग्लासगोला येतोय. मुकुंदराजांच्या समाधीकडच्या चढउतारांवर तो सायकल शिकला. आता नोकरीला संभाजीनगरला असतो आणि रविवारी पहाटे मित्रांबरोबर म्हैसमाळ चढतो. इथं येऊन त्याला डोंगरातल्या एखाद्या बॉथीपर्यंत सायकलनं जायचंय आणि तिथंच रात्र काढायचीय. त्यामुळे सध्या रविवारचा फोन म्हणजे याच सहलीची बैठक. ताई शेजारी बसून ऐकत असते, आणि मुद्द्याचे प्रश्न तीच काढते.

बॉथी म्हणजे डोंगरात, वस्तीपासून लांब असलेलं साधं दगडी घर. पूर्वी मेंढपाळ, शिकारीचे राखणदार, इस्टेटीवरचे (म्हणजे मोठ्या खासगी जमीनदारीवरचे) गडी अशा घरांत राहायचे. माणसं उठून गेली आणि घरं पडायला लागली. 1965 साली काही डोंगरवेड्यांनी 'माउंटन बॉथीज असोसिएशन' काढली. ही संस्था आज स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड आणि वेल्समधल्या शंभराच्या आसपास बॉथ्या सांभाळते. घरं बहुतेक इस्टेटींच्या मालकीची, डागडुजी स्वयंसेवकांची. भाडं नाही, आरक्षण नाही, वीज नाही, नळ नाही. दाराला कुलूपही नाही.

"मामा, मग चावी कुणापाशी ऱ्हाते?" हा भाच्याचा पहिला प्रश्न होता. ताईचा प्रश्न मात्र खरा होता: "एवढं लांब गेलात अन् घर माणसांनी भरलेलं असलं तर?"

आमची सगळी आखणी ताईच्या या प्रश्नावर उभी आहे. बॉथीत जागा मिळेलच असं धरून निघायचं नाही. तंबू, झोपायची पिशवी, खाली अंथरायची चटई, चूल, सगळं आपलं आपण न्यायचं. आपल्याकडे शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईकडून जाते, तेव्हा दिंडीतला वारकरी गावातल्या शाळेत टेकतो, पण पथारी त्याची स्वतःची असते. तसंच हे. छप्पर मिळालं तर आनंद, नाही मिळालं तर बाहेर तंबू ठोकायचा. त्याला इथं कायद्याचा आधार आहे. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्यानं स्कॉटलंडमध्ये खासगी डोंगरावरूनही पायी किंवा सायकलनं जायचा आणि रात्री मुक्काम करायचा हक्क दिलाय. अट एकच, जबाबदारीनं वागायचं.

जागा ठरली ती केर्नगॉर्म डोंगरातल्या ग्लेन फेशी या खोऱ्यातली 'रुई आटेखन' बॉथी. ग्लासगोहून एव्हिमोरपर्यंत रेल्वे. सायकलीचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण डब्यात सायकलींना जागा मोजक्या असतात, त्यामुळे तिकिटाबरोबरच ती नोंदवून टाकायची. एव्हिमोरहून फेशीब्रिज, तिथून आक्लेनपर्यंत डांबरी रस्ता आणि मग नदीच्या काठानं पायवाट. सगळं मिळून पंचवीसेक किलोमीटर. अंतर ऐकून भाचा हसला होता, म्हैसमाळला तो याहून जास्त चालवतो. पण शेवटचे पाच किलोमीटर दगड, मुळं आणि आडव्या ओढ्यांचे आहेत. वर पाऊस झाला की हे ओढे तासाभरात फुगतात. म्हणून आधीच ठरवलंय: पाणी गुडघ्याला लागलं की माघारी फिरायचं, सायकल खांद्यावर घेऊन उतरायचं नाही. असला निर्णय घरी बसून, कोरड्या कपड्यांत घेतलेला बरा. काठावर पोचल्यावर पलीकडचा तीर नेहमीच जवळ वाटतो.

मे निवडण्यामागं पुष्कळ विचार आहे. एप्रिल-मे हे इथले त्यातल्या त्यात कोरडे महिने. उजेड भरपूर, सूर्य सव्वानऊ-साडेनऊला मावळतो. मे संपता संपता मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या सुरू होतात आणि सप्टेंबरपर्यंत वारा पडला की ढगानं अंगावर येतात, त्यांच्या आधी जाऊन यायचं. नर हरणांच्या शिकारीचा मुख्य काळ ऑगस्टपासून 20 ऑक्टोबरपर्यंत. तेव्हा काही बॉथ्या बंद असतात आणि डोंगरावर जाताना इस्टेटीला विचारावं लागतं. तोही टळतो. मात्र थंडी टळत नाही. ताईच्या अंगणात दुपारी बेचाळीस अंश असतात त्याच दिवसांत इथं पहाटे पारा शून्याला टेकू शकतो. भाच्याला बजावून सांगितलंय, सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेव. सुती कपडा ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. इथं माणसं बर्फापेक्षा पाऊस आणि वारा एकत्र आल्यानं जास्त गारठतात.

सायकलीबद्दल त्याला एक गोष्ट नव्यानं शिकावी लागेल. आपल्याकडे पंक्चर म्हणजे बाभळीचा काटा. इथं बाभळी नाहीत, पण पायवाटेवर पाणी वाहून जावं म्हणून दगडी चर आडवे काढलेले असतात, आणि त्यांच्या कडा धारदार असतात. हवा कमी असलेलं चाक कडेवर आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. सामान लादलेलं असलं की हमखास. म्हणून चाकं ट्यूबलेस, आत सीलंट (बारीक भोक आपोआप बुजवणारं द्रव), शिवाय जोडीला एक ट्यूब. चर आला की वेग कमी, वजन मागं, पुढचं चाक हलकेच उचलून पलीकडं. जमत नसेल तर सरळ उतरून ढकलायची. ओल्या वाळूनं ब्रेकचे पॅड एका दिवसात झिजू शकतात, तेव्हा पॅडची एक जोडी, साखळीची जोडकडी आणि मागच्या गिअरचा हँगर (गिअर फ्रेमला जोडणारी पट्टी) एवढं पिशवीत असणारच. जड सामान फ्रेमच्या पिशवीत, खाली आणि मध्ये. हँडलवर फक्त झोपायची पिशवी.

जेवणाचं खातं ताईनं स्वतःकडे घेतलंय, आणि तिथं मी काही बोलणार नाही. इथले सायकलवाले पाकिटातलं सुकवलेलं जेवण नेतात, गरम पाणी ओतलं की झालं. आमच्याकडे त्याहून चांगलं आहे, येसर! मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. धान्य, डाळी आणि मसाले खमंग भाजून दळलेलं हे पीठ. लग्नकार्यात पंगतीला याची आमटी असतेच. पाण्यात कालवून उकळी आणली, मीठ टाकलं, की आमटी तयार. गॅस कमी लागतो, वजन मूठभर, आणि ओल्या अंगानं बसलेल्या माणसाला तिच्या वासानंच अर्धी हुशारी येते. सोबत धपाटे मी इथं आदल्या दिवशी लाटेन, कोरडी शेंगदाण्याची चटणी तिकडून येईल. तिला कुंथलगिरीचे पेढेही पाठवायचे होते, पण दुधाचे पदार्थ भारतातून इथं आणायला बंदी आहे, तेव्हा ते राहिले. प्यायचं पाणी ओढ्याचं. कितीही नितळ दिसलं तरी गाळून किंवा उकळूनच प्यायचं, वर एखादं मेंढरू मरून पडलेलं असू शकतं.

भाच्याला हेच खोरं दाखवायचं, हा माझा हट्ट होता, आणि तो झाडांसाठी. हरणांची संख्या इतकी वाढली होती की पाइनचं रोप उगवलं की खाल्लं जायचं. म्हातारी झाडं उभी होती, खाली पोरं नव्हती. 2006 मध्ये अँडर्स पोव्हल्सेन या डॅनिश उद्योजकानं ही इस्टेट घेतली. हरणांची संख्या मोठ्या प्रमाणावर कमी केली आणि कुंपण न घालता रान आपल्या आपण उठू दिलं. आज बॉथीच्या वाटेवर कमरेएवढी, डोक्याएवढी पाइनची झाडं दाटीनं दिसतात. बालाघाटाचे बोडके माळ पाहत वाढलेल्या पोरानं हे डोळ्यांनी पाहावं असं मला फार वाटतं. आपल्याकडे वणवा आणि चराई थांबवली तर जमिनीत दडलेलं बी काय करू शकतं, हे त्याला कुठल्या भाषणापेक्षा इथं पाच किलोमीटरांत कळेल.

बॉथीत वागायचे नियम मी त्याला पाठ करायला लावलेत. सहा किंवा जास्त जणांचा गट न्यायचा नाही. आपला कचरा आपण परत आणायचा, पाकिटं कोपऱ्यात ठेवून "पुढच्याला उपयोगी पडतील" म्हणायचं नाही. उभं झाड तोडायचं नाही, चुलीसाठी लाकूड बरोबर न्यायचं. संडास नसेल तिथं घरापासून आणि पाण्यापासून लांब खड्डा करायचा. रात्री अकराला कुणी भिजून दारात आलं तर सरकून जागा द्यायची. निघताना झाडून घ्यायचं, विस्तव विझवायचा आणि दार नीट लावायचं, कारण उघड्या दारातून आत गेलेलं जनावर अडकून पडतं. कुणी तपासायला येत नाही, म्हणूनच मी यावर इतका भर देतोय. गैरवापर वाढला आणि मालकानं परवानगी काढून घेतली तर ते घर सगळ्यांसाठीच बंद होईल.

परतल्यावर अंगावर गोचीड बसलीय का हे काखेत, गुडघ्यामागं, कंबरेला बघायचं. तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. ती काढायला बारीक चिमटा पिशवीत ठेवलाय.

खोऱ्यात मोबाइलला रेंज धरून चालता येत नाही. म्हणून कागदी नकाशा, होकायंत्र आणि शिट्टी. मदतीची खूण म्हणजे मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. आमचा मार्ग, कपड्यांचे रंग आणि परतायची वेळ बायकोकडे लिहून ठेवतोय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत एव्हिमोरहून आमचा फोन आला नाही, तर ती 999 ला फोन करून आधी पोलीस आणि त्यांच्यामार्फत माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक, मागेल. तीही माणसं स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत. हाच कागद ताईलाही पाठवलाय. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील, तोवर तिनं काळजी करायची नाही, असं आमचं ठरलंय.