पाडव्याचं भाकीत अन् नाशकाचा पाऊस

मी कृषी सहायक आहे. माझ्याकडच्या गावांत एक गाव जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे मागं साठणाऱ्या पाण्यात येतं, नाव नाही लिहीत. तीन बाजूंनी पाणी असतंच, आणि धरण 1522 फुटाच्या, म्हणजे पूर्ण भरायच्या जवळ गेलं की चौथ्या बाजूची वाट पण बुडते, मग गावाचं बेट होतं आणि बाहेर निघायचं तर चप्पू, म्हणजे छोटी होडी. उन्हाळ्यात मात्र वाट उघडी असते, गाडी थेट पारापर्यंत जाते.

2025 चा पाडवा 30 मार्चला, रविवारी आला. सुट्टीच होती, पण मंगळवारी तिथल्या एका आजींकडं घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी लावून आलेले, ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या रांगेनं 100 दाणे, ते पाचव्या दिवशी मोजायचे होते. शिवाय पाडव्याला अख्खं गाव मारुतीच्या पारावर असतं, एरवी एका जागी कोण सापडतंय.

जोशीकाकांनी पंचांग वाचलं. शके 1947, विश्वावसु संवत्सर, पाडवा रविवारचा म्हणून वर्षाचा राजा रवी, मग पाऊस, पिकं, भाव सगळं. ते झाल्यावर त्या गावात खरं भाकीत सुरू होतं, म्हणजे जो तो आपलं सांगतो. एक म्हातारबाबा म्हणाले, तिटवीनं चार अंडी घातलीत, ती पण वरच्या बांधाला, म्हणजे चारी महिने पाणी अन् खालचं सगळं बुडणार. मी म्हटलं बाबा, हवामान खात्याचा अंदाज एप्रिलमध्ये येईल, टक्केवारी सांगते तुम्हाला. तर ते म्हणाले, "देशाचा टक्का घेऊन आम्ही काय करावं माय? नाशकाला किती पडंल तेवढं सांग."

मी गप्पच झाले. खरंच आहे ते. इथं थेंब नसला तरी नाशिक-नगरकडं जोराचा पाऊस झाला की गोदावरीचं पाणी येऊन यांची वाट बंद होते, आणि गाळपेर जमीन, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरायची धरणातली जमीन, कधी उघडी पडणार, हरभरा-गहू कधी पेरायचा, हे पण त्याच पाण्यावर. मी दरवर्षी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका एवढं सांगून निघायची, ते बरोबरच आहे, पण नाशिकचं कधी बोललेच नव्हते.

तेवढ्यात एक पोरगी घरातून मागच्या वर्षीचं कॅलेंडर घेऊन आली. सहावीतली असेल. पानांवर निळ्या पेनाच्या फुल्या, काही ठिकाणी अख्खी ओळच्या ओळ. ज्या दिवशी वाट बंद म्हणून शाळेत जाता आलं नाही तिथं फुली. म्हणाली, "मॅडम, औंदा याच्याहून जास्त होणार, बाबा म्हणतेत ना तिटवीचं." रडत-बिडत नव्हती, उन्हाळा लांबणार म्हणावं तसं सांगत होती. मला ते कॅलेंडर हातात धरवेना.

मग आजींकडं गेले. गोणपाट उलगडलं, पांढरे कोंब बोटाच्या पेराएवढे. आम्ही दोघी मोजत बसलो, 81 निघाले. 70 च्या वर असलं की बियाणं चांगलं, एकरी 30 किलोनं पेरा म्हटलं. आजींनी न उगवलेले दाणे वेगळे केले आणि हळूच म्हणाल्या, "सुनंला चवथा महिना हाय. भादव्यात व्हईल. तवा काय वाट ऱ्हात नाय. नागपंचमीला माहेरी गेली की तिकडंच ठिवणार." लोक वर्षाचं भाकीत ऐकत होते आणि या माऊलीनं ते ऐकून सगळं ठरवून पण टाकलेलं.

त्या दिवशी त्या पोरीच्या वडलांचा नंबर घेतला. एप्रिलमध्ये देशाचा अंदाज आला, सरासरीच्या 105 टक्के, तो कळवला, पण जूनपासून रोज सकाळी व्हॉट्सॲपवर नाशिकचा पाऊस आणि जायकवाडीचे फूट पाठवायला लागले, कुणी सांगितलेलं काम नाही हे, पण एक दिवस चुकला नाही. जुलैच्या शेवटी धरण जवळपास भरलं, दरवाजे उघडले, तो मेसेज टाकला तर पोरीनंच उत्तर दिलं, "मॅडम वाट बंद. आजीची सून परवा पंचमीला गेली. मी फुल्या सुरू केल्या."