आमची वाटचाल : तीन आरसे आणि एक नळी

मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी एक शोभादर्शक करून दिला. तो वर्गभर फिरला आणि आठवड्यात आणखी बाराजणांची मागणी आली. आमचा धंदा असा जेवणाच्या टेबलावरच सुरू झाला.

कृती तेव्हा सोपी वाटली. नळीचा आतला व्यास 40 मिलिमीटर. गणिताने त्रिकोणाची बाजू 35च्या आसपास येते, पण काचेला जाडी असते, म्हणून आरशाच्या पट्ट्या 30च्याच कापायच्या. तीन पट्ट्या त्रिकोणात उभ्या करून बाहेरून चिकटपट्टी गुंडाळायची आणि नळीत सरकवायच्या; उरल्या फटीत पुठ्ठा. एका टोकाला भोक पाडलेली चकती. दुसऱ्या टोकाला पारदर्शक चकती, तिच्यावर मणी आणि वर ट्रेसिंग पेपरचं झाकण. झालं.

झालं कुठलं! सांध्यांपाशी नक्षी दुहेरी, अंधुक दिसायची. साध्या आरशाचा चकचकीत थर काचेच्या पाठीमागे असतो आणि पुढची काचही थोडा उजेड परतवते, त्याचा हा परिणाम. मग थर पुढच्याच बाजूला असलेले आरसे आणले. तो थर उघडा, बोट लागलं की ठसा उठणारच. एक ठसा आत राहिला तर नक्षीभर तोच! त्या खेपेच्या निम्म्या नळ्या मी रात्री बसून पुन्हा उघडल्या. तेव्हापासून हातमोज्यांशिवाय कोणी आरशाला हात लावत नाही.

मण्यांतही फसलो. जास्त मणी, जास्त रंग, या हिशेबाने कप्पा गच्च भरला. नळी फिरवली तरी काही हलेना. आता निम्मा रिकामा ठेवतो.

पुढे आमच्या संचाची हुबेहूब नक्कल बाजारात आली. चिडचिड झालीच. पण शोभादर्शकाचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ब्रूस्टरने 1817 साली या यंत्राचं पेटंट घेतलं, तरी नकला एवढ्या झाल्या की त्याच्या पदरात फारसं काही पडलं नाही. त्यापुढे आम्ही कोण?

सध्या दोन आरशांचा संच चालू केलाय. यात 45 अंशांच्या कोनाला आठ पाकळ्यांचं एकच फूल दिसतं. कोन जरा चुकला की एक पाकळी लंगडी पडते, म्हणून डब्यात पुठ्ठ्याची कोनपट्टी देतो. बरेचजण ती वेष्टणासोबत फेकून देतात आणि मग आम्हाला फोन करतात.