नेटवर्क प्रवेश धोरण आणि अपवादांची यादी

कंपनीच्या नेटवर्कमध्ये कोणत्या यंत्राला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे धोरण कागदावर नेहमीच नेटके दिसते. ते खरोखर किती मजबूत आहे, हे मात्र त्यातील अपवादांची यादी मागवून पाहिल्याशिवाय कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ यंत्रणा चांगली आहे, याबद्दल वाद नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ८०२.१एक्स या २००१ सालच्या मानकानुसार, लॅपटॉपची केबल भिंतीतील सॉकेटमध्ये खोचली तरी स्विचचे, म्हणजे केबली जोडणाऱ्या पेटीचे, पोर्ट लगेच खुले होत नाही आणि ओळख पटेपर्यंत लॅपटॉपला साधा आयपी अ‍ॅड्रेसही मिळत नाही. स्विच ती ओळख रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे ओळख तपासणाऱ्या मध्यवर्ती संगणकाकडे, पाठवतो आणि सर्व्हर होकार देतानाच त्या यंत्राला कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या वेगळ्या कप्प्यात, टाकायचे तेही सांगतो. ओळखीसाठी पासवर्डपेक्षा यंत्राचे सर्टिफिकेट, म्हणजे त्याचे डिजिटल ओळखपत्र, केव्हाही बरे, कारण कर्मचारी आपला पासवर्ड घरच्या लॅपटॉपवरही टाकू शकतो. सर्टिफिकेटची खासगी किल्ली टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपमध्ये असेल, तर ती तशी उचलून नेता येत नाही.

अडचण येते ती प्रिंटर, कॅमेरे आणि हजेरीची बायोमेट्रिक यंत्रे यांच्यापाशी. यांतील अनेक जुन्या यंत्रांना ८०२.१एक्स येतच नाही, म्हणून त्यांना केवळ मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, पाहून आत घेतले जाते. हा अ‍ॅड्रेस गुप्त नसतो. बहुतेक प्रिंटरच्या मागच्या लेबलवर तो छापलेला असतो, नाहीतर मेनूमधून नेटवर्क सेटिंगचा कागद छापून घेतला की त्यावर मिळतो. तोच अ‍ॅड्रेस आपल्या लॅपटॉपला देऊन प्रिंटरच्या केबलवर बसायला कोणत्याही विशेष कौशल्याची गरज लागत नाही. म्हणून प्रिंटरला आत घेणे एक वेळ ठीक, पण त्याचा व्हीलॅन वेगळा हवा आणि त्या व्हीलॅनमधून प्रिंट सर्व्हरखेरीज कोठेही जाता येता कामा नये. शिवाय ‘प्रिंटर’ अचानक विंडोजच्या धाटणीने डीएचसीपीची, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस मागण्याची, विनंती करू लागला, तर रेडियस सर्व्हरने त्याच क्षणी स्विचला कळवून ते सत्र तोडावे, अशी सोय असते. ती सुरू केलेली असते की नाही, हा भाग निराळा.

मॅक अ‍ॅड्रेसच्या याद्यांवर फोनही चालवणाऱ्यांची पंचाईत तर अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ यांनीच करून ठेवली, कारण तेव्हापासून फोन प्रत्येक वायफायला स्वतः तयार केलेला वेगळा अ‍ॅड्रेस दाखवू लागले.

धोरण लागू करण्याआधी काही काळ ते केवळ नोंदी घेण्याच्या अवस्थेत चालवावे, असे मी आग्रहाने सांगतो. टेबलाखाली कोणी परस्पर लावलेले पाच पोर्टांचे स्विच आणि कोणाच्याच खिजगणतीत नसलेली यंत्रे तेव्हाच सापडतात. त्यानंतर जे अपवाद उरतील त्यांतील प्रत्येकासमोर जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मुदतीची तारीख लिहिलेली असावी. ‘साहेबांचा लॅपटॉप आहे, तेवढा घ्या’ हे कारण त्या रकान्यात बसत नाही. मुदत संपल्यावर पोर्ट बंद करावे. ज्याचा फोन येईल त्याचे यंत्र वापरात आहे असे समजावे, आणि ज्याचा येणार नाही ते यादीतून काढून टाकावे.